काढा चालू ठेवू की डॉक्टरांचं ऐकू?

सांगली जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी २६ वर्षांची. दीड वर्षापूर्वी तिच्या उजव्या डोळ्यापुढे अचानक धुरकट पडदा आला, डोळा हलवला की दुखायचं. सलाइनमधून स्टिरॉइड दिल्यावर नजर बरीचशी परतली आणि घरच्यांनी विषय सोडून दिला. या मार्चमध्ये तिचा डावा पाय कमरेपासून बधिर झाला. एमआरआय झाला, पाठीतून पाणी काढून तपासलं आणि मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असं निदान झालं. डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी सलाइनमधून घ्यायचं, प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध सुचवलं आहे. आई मात्र लॉकडाउनपासून रोज पहाटे उठून मुलीसाठी गुळवेलीचा काढा करतात, सोबत अश्वगंधा. डॉक्टरांनी दोन्ही बंद करायला सांगितलं. "प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणूनच आजार होतात ना? मग ती आणखी कमी केली तर पोरीचं कसं होणार?" असं त्या विचारतात. भाच्यानं मोबाइलवर एक लेख पाठवला आहे. नसांवरचं आवरण पुन्हा तयार होतं आणि ॲलर्जीच्या एका गोळीनं ते साधतं, असं त्यात लिहिलं आहे. तेव्हा सहा महिने थांबून पाहावं का? मुलीच्या लग्नाची काळजीही एका वाक्यात आहे. आणि पत्राच्या अगदी शेवटी, वेगळ्या शाईत, एक ओळ आहे: "माझ्या काढ्यानंच तर हे झालं नसेल?"

ताई, त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण बाकीचं पत्र लिहून झाल्यावर ती तुम्ही लिहिलीत आणि बहुधा तीच तुम्हाला झोपू देत नसेल. तुमच्या काढ्यानं मुलीला एमएस झाला, असं म्हणायला कसलाही आधार नाही. हा आजार एका कारणानं होत नाही. अनुवंशाचा वाटा थोडा असतो, बाकीच्यात आजूबाजूच्या बऱ्याच गोष्टी येतात. २०२२ मध्ये अमेरिकी लष्करातल्या एक कोटीहून जास्त तरुणांच्या नोंदी आणि साठवून ठेवलेलं रक्त यांवरून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यानंतर एमएसची शक्यता ३२ पट वाढते, असं त्यात दिसलं. पण हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी गाठतोच, तुम्हालाही आणि मलाही, आणि त्यातल्या फार थोड्यांना एमएस होतो. यात आईनं काय करायला हवं होतं आणि काय नको होतं, याला जागाच नाही. तो प्रश्न इथेच खाली ठेवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. प्रतिकारशक्ती वाढवायची की कमी करायची? तुम्ही ती एखाद्या टाकीसारखी धरली आहे. टाकी भरलेली असली की माणूस ठणठणीत, पाणी खाली गेलं की आजारी. करोनाच्या दोन वर्षांत टीव्हीनं आणि जाहिरातींनी हेच चित्र घराघरात पोचवलं, त्यामुळे यात तुमचा दोष नाही. पण तुमच्या मुलीच्या आजारात ही टाकीच फसवते. प्रतिकारयंत्रणा म्हणजे अब्जावधी पेशींचं सतत चाललेलं बोलणं आहे. त्यांचे निरोप रसायनांच्या रूपात जातात. तोच निरोप एका जागी मोडतो आणि दुसऱ्या जागी सांधतो. हे कळायला आधी ज्या पेशीवर सगळं बेतलं आहे तिची ओळख करून घेऊ.

आपल्या नसांच्या तंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं. वायरीवरचं प्लॅस्टिक, असं त्याचं वर्णन नेहमी करतात. मला अळूवडीचा उंडा जास्त जवळचा वाटतो, कारण मायलिन खरंच गुंडाळलेलं असतं, पातळ पदरावर पदर. ही गुंडाळी करणारी पेशी मेंदूत आणि मज्जारज्जूत राहते. तिचं नाव ऑलिगोडेंड्रोसाइट. पीओ देल रीओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञानं १९२१ मध्ये ती चांदीच्या क्षारांनी रंगवून दाखवली. अशी एक पेशी आपले हात लांबवून चाळीस-पन्नास ठिकाणी गुंडाळी करू शकते. म्हणजे एक पेशी मेली की एका तंतूचं नव्हे, चाळीस-पन्नास जागांचं आवरण जातं. आवरण असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावू शकतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूत तोच मीटर-दीड मीटरवर येतो. मुलीच्या डोळ्यापुढचा धुरकट पडदा आणि पायाचा बधिरपणा, दोन्ही यातूनच. डोळा बिघडलेला नव्हता आणि पायही नाही. वाटेतली गुंडाळी उसवली होती.

ती उसवतं कोण, हे आपल्या देशानं फार जवळून पाहिलं आहे. तुमच्या वयाच्या लोकांना कुत्रा चावल्यावर पोटात घेतली जाणारी चौदा इंजेक्शनं आठवत असतील. आमच्या गल्लीतल्या एका मुलाला ती घ्यायला रोज दवाखान्यात नेत, आणि आम्ही बाकीची पोरं दाराआड लपून बघायचो. ती सेंपल लस होती, १९११ मध्ये कसौलीला तयार झालेली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवायचा, तो फिनॉलनं मारायचा आणि मेंदूच्या त्या लगद्याचीच लस करायची. तिनं असंख्य जीव वाचवले. पण ती घेणाऱ्या काही थोड्या लोकांचे काही दिवसांनी हातपाय लुळे पडत, आणि त्यात रेबीजचा हात नसे. लगद्यात मेंढीचं मायलिन होतं. शरीराच्या पेशी त्याला परकं मानायला शिकल्या आणि मग घरच्या मायलिनवरही धावून गेल्या. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स यांनी १९३० च्या दशकात माकडांना निरोगी मेंदूचा अर्क पुन्हापुन्हा टोचून हेच घडवून दाखवलं. एमएसवरचं पुढचं बरंचसं संशोधन त्याच वाटेनं गेलं. (भारतात त्या लसीचं उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबलं. आजची रेबीजची लस पेशींवर वाढवलेली असते, तिच्यात मेंदूचा अंश नसतो. कुत्रा चावला तर ती घ्यायलाच हवी, एमएस असला तरीही.)

बघा ताई, त्या माणसांची प्रतिकारशक्ती कमी पडलेली नव्हती. ती जोरात होती आणि चुकीच्या दारावर उभी होती.

तुमच्या काढ्यामागचा विचार डॉक्टरांनीही एकदा करून पाहिला आहे, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. १९८० च्या दशकात बऱ्याच जणांना वाटत होतं की एमएस हा रेंगाळलेल्या विषाणूचा आजार असावा. तेव्हा प्रतिकारशक्तीला जोर देऊ, म्हणून १८ रुग्णांना इंटरफेरॉन गॅमा नावाचा निरोप औषध म्हणून दिला गेला. शरीर हा निरोप संसर्गाशी लढताना स्वतःच तयार करतं. १८ पैकी ७ जणांना उपचार चालू असतानाच नवा झटका आला, म्हणजे आजाराची लक्षणं नव्यानं उसळली. प्रयोग थांबवला, १९८७ मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि एमएसमध्ये हा निरोप वाढवायचा नाही, हे पक्कं झालं. गंमत अशी की त्याच आडनावाचं दुसरं भावंड, इंटरफेरॉन बीटा, १९९३ मध्ये अमेरिकेत एमएसचं औषध म्हणून मंजूर झालं, आणि त्यानं झटके कमी होतात.

मग सगळे निरोप दाबून टाकले तर? तेही करून झालं आहे. टीएनएफ हा दाह भडकवणारा निरोप. संधिवातात तो रोखणारी औषधं छान चालतात. एमएसमध्येही चालतील, असं वाटलं होतं. १९९९ मध्ये त्या चाचणीचा निकाल आला आणि औषध घेणाऱ्यांचे झटके वाढलेले निघाले. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांतून कारण उलगडत गेलं. टीएनएफला पेशीवर दोन दारं असतात. एका दारातून गेला की नासधूस होते. दुसऱ्या दारातून गेला की नव्या आवरण-पेशी वाढायला आणि पुन्हा गुंडाळी व्हायला मदत होते. औषधानं दोन्ही दारं बंद केली होती. घरात कुणाला संधिवातासाठी या गटातलं इंजेक्शन सुचवलं तर आपल्याकडे एमएस आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, ते यासाठीच.

वेळेनंही अर्थ बदलतो. इंटरफेरॉन गॅमाचंच घ्या. उंदरांत आजार सुरू होण्याआधी मेंदूत त्याचा थोडासा अंश असला, तर आवरण-पेशी आधीच सावध होतात आणि हल्ल्यात तग धरतात. तोच निरोप दुरुस्तीच्या काळात आला तर दुरुस्ती खोळंबते. म्हणून कुणी सरसकट "इम्युनिटी वाढवा" म्हणालं की मला विचारावंसं वाटतं: कुठला निरोप, कुठल्या दारातून, कुठल्या वेळी?

आणखी एक गोष्ट गेल्या काही वर्षांतच नीट कळली. मला ती फार महत्त्वाची वाटते. आवरण तयार करणारी पेशी बिचारी आहे, मार खाते, असं आपण समजत होतो. २०१८ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी आजारी उंदरांच्या मज्जारज्जूतल्या या पेशी एकेक करून तपासल्या. त्यांतल्या काहींनी प्रतिकारपेशींची जनुकं चालू केलेली होती. मायलिनचे तुकडे उचलून ते लढाऊ पेशींपुढे धरायची सोयही त्यांनी केली होती. एमएस असलेल्या माणसांच्या मेंदूतही तशा पेशींच्या खुणा सापडल्या. इंटरफेरॉन गॅमासारखे निरोप सतत कानावर पडले की कोवळ्या पेशी, ज्यांनी मोठं होऊन गुंडाळी करायची, त्या गुंडाळीचं काम सोडून हेच करू लागतात. पडलेली भिंत बांधायला बोलावलेल्या गवंड्यानं थापी खाली ठेवून जमाव गोळा करावा, तसं. भोवतीचा गलका आधी शांत केला, तर गवंडी कामाला लागण्याची शक्यता वाढते. तुमच्या मुलीचे डॉक्टर म्हणत आहेत ते इतकंच.

दर सहा महिन्यांनी सलाइनमधून द्यायचं औषध म्हटल्यावर ते बहुधा बी-पेशींना, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या एका प्रकारच्या पेशींना, लक्ष्य करणारं असेल. त्याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्या. तसं असेल तर एक दिलासा आहे. या औषधानं रक्तातल्या बी-पेशी खूप कमी होतात, पण जुन्या लशींची आणि आजारांची आठवण ठेवून प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या पेशींवर त्याचा थेट मारा नसतो. सगळी टाकी रिकामी होत नाही. मात्र संसर्गाचा धोका वाढतो हे खरं आहे, ते मी लपवणार नाही. म्हणून सुरू करण्याआधी कावीळ बीची आणि क्षयाची तपासणी झाली का, हे विचारा. आपल्याकडे क्षय अंगात झोपलेला असणं मुळीच दुर्मीळ नाही. ज्या लशी घ्यायच्या त्या शक्यतो औषधाच्या आधी काही आठवडे उरकून घ्याव्या लागतात. आणि ताप आला की घरी पॅरासिटामॉलवर तीन दिवस काढायचे नाहीत, फोन करायचा.

पहिला झटका डोळ्याचा होता म्हणून आणखी एक विचारून ठेवा: ॲक्वापोरिन-४ आणि मॉग या दोन प्रतिद्रव्यांची रक्ततपासणी झाली आहे का? एमएससारखे दिसणारे दोन वेगळे आजार यातून ओळखता येतात. ॲक्वापोरिनच्या आजारात हल्ला आवरण-पेशीच्या शेजारणीवर होतो आणि आवरण-पेशी तिच्यामागे मरते. २००४ मध्ये त्याचं प्रतिद्रव्य सापडेपर्यंत तो एमएसचाच प्रकार मानला जाई. एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन बीटा, त्या आजारात उलट त्रास वाढवतात. तपासणी झालेली असेल तर उत्तमच. नसेल तर विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

काढ्याचं काय, हे मी टाळलेलं नाही. गुळवेल आपल्या परसातली, आजीच्या हातची, तिच्याबद्दल वाईट बोलणं मलाही जड जातं. पण २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. ती इजा प्रतिकारयंत्रणेनं स्वतःच्याच यकृतावर हल्ला केल्यासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला, त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का असा प्रश्न विचारला. नंतर देशातल्या आणखी रुग्णालयांतून तशाच नोंदी आल्या. हा वाद तुम्ही-मी सोडवायची गरज नाही. तुमच्या मुलीची प्रतिकारयंत्रणा आधीच घरच्यांवर उलटली आहे, आणि एमएसच्या औषधांवर असताना यकृताची तपासणी वरचेवर करावी लागते. अशा वेळी "प्रतिकारशक्ती जागी करतो" असं ज्याचं सगळं नाव आहे, ते तिला देऊ नये. अश्वगंधेलाही मी हेच म्हणेन. नुसतं बंद करू नका. किती वर्षं, किती प्रमाणात दिलं ते डॉक्टरांना सांगा आणि यकृताची एक तपासणी करून घ्या. हळदीचं दूध, आल्याचा चहा, सकाळची भाकरी, यावर माझं काहीच म्हणणं नाही. ड जीवनसत्त्व मोजून, डॉक्टर सांगतील तेवढंच.

भाच्याच्या लेखात अर्धं खरं आहे. आवरण पुन्हा तयार होतं. मुलीची नजर परतली त्यात दाह ओसरण्याचा वाटा मोठा, आणि थोडा त्याचाही असू शकतो. ॲलर्जीची गोळी म्हणजे क्लेमास्टिन. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ५० रुग्णांवर तिची चाचणी झाली, २०१७ मध्ये निकाल आला. डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा संदेश सरासरी १.७ मिलिसेकंद लवकर पोचू लागला. संशोधनासाठी ही मोठी गोष्ट आहे, कारण माणसात आवरण सुधारता येतं याचा तो पुरावा होता. रुग्णाच्या रोजच्या जगण्यात तिनं फार फरक पडला नाही. पुढे अमेरिकेतच हळूहळू बळावत जाणाऱ्या एमएसच्या रुग्णांना ती दिली, तेव्हा काहींचं अपंगत्व जास्त वेगानं वाढलं आणि चाचणीतला तो भाग थांबवावा लागला. दुकानात मिळाली तरी ही गोळी मुलीला देऊ नका.

सहा महिने थांबण्याला माझा विरोध आहे, तो आणखी एका अभ्यासामुळे. गेल्या शतकात अणुबॉम्बच्या चाचण्यांनी हवेत कार्बनचा एक प्रकार वाढला होता, आणि त्यावरून मेंदूतल्या पेशींचं वय काढता येतं. २०१९ मध्ये एमएस असलेल्या माणसांच्या मेंदूत असं वय मोजलं गेलं. जिथे आवरण पुन्हा झाल्यासारखं दिसत होतं, तिथल्या आवरण-पेशी नव्या नव्हत्या, जुन्याच होत्या. उंदरात नव्या पेशी येऊन दुरुस्ती करतात. माणसात मोठा भार हल्ल्यातून वाचलेल्या पेशी उचलत असाव्यात. म्हणून आज ज्या आहेत त्या राखणं हीच उद्याच्या दुरुस्तीची तयारी. दीड वर्षात दोन झटके आलेत. एमआरआयवर नवे डाग बाहेरून जाणवणाऱ्या झटक्यांपेक्षा जास्त वेळा उमटतात, तेव्हा मधला शांत काळ खरोखर शांत होता असं धरता येत नाही. आणि दुरुस्तीचा उत्साह वयाबरोबर घटतो. तुमची मुलगी २६ वर्षांची आहे, हे तिच्या बाजूनं आहे.

दुरुस्तीलाही प्रतिकारयंत्रणाच लागते, हे विसरू नका. मोडलेल्या मायलिनचा राडारोडा मेंदूतल्या सफाई-पेशी उचलतात, तेव्हाच नवी गुंडाळी होते. दाह आवरणाऱ्या काही प्रतिकारपेशी, टी-पेशी, उंदरांत आवरण-पेशींना वाढायला मदत करताना दिसल्या आहेत. मुलीच्या अंगातली प्रतिकारशक्ती तिची वैरीण झालेली नाही.

लग्नाचं तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलं आहे, म्हणून मीही थोडक्यात. एमएस असलेल्या स्त्रिया लग्न करतात, आई होतात. युरोपातल्या २५४ स्त्रियांच्या १९९८ च्या अभ्यासात गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत झटके खूप कमी झाले आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत वाढले. म्हणजे नियोजन लागतं, औषधाची वेळ आधी ठरवावी लागते. लपवून लग्न करू नका. औषध दर सहा महिन्यांनी चालणार, ते लपणार नाही. हे बोलायचं कधी आणि कुणाशी, ते मुलीनं ठरवू दे.

खर्चाची धास्ती पत्रात नाही, पण ती असणारच. याच गटातली काही औषधं भारतीय कंपन्यांची, कमी दरातली मिळतात; डॉक्टरांना सरळ विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते, मुंबई-पुण्यात त्यांच्या शाखा आहेत. तिथे तुमच्यासारख्या आया भेटतील.

आणि पहाटेचं. तुम्ही पाचला उठता, ती सवय मोडू नका. एमएसमध्ये अंग तापलं की जुनी लक्षणं तात्पुरती वर येतात. आवरण गेलेल्या तंतूला उष्णता सोसत नाही. श्रम केल्यावर नजर तात्पुरती मंदावते, हे जर्मनीतल्या उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवलं; त्यामागे उष्णता आहे हे पुढे कळलं. गार झालं की ही लक्षणं ओसरतात, नवं नुकसान झालेलं नसतं. म्हणून मुलीला कढत पाण्यानं आंघोळ नको, दुपारच्या उन्हात बाजार नको. व्यायाम मात्र हवाच. काढ्याच्या वेळेला दोघी मिळून गारव्यात चालायला जा. पाय जड वाटला तर अर्ध्यातून परता आणि वहीत तारीख टाका. पंख्याखाली बसून तासाभरात बरं वाटलं, तर तेही लिहा. ताप नसताना एखादं नवं लक्षण चोवीस तासांहून जास्त टिकलं, तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.